बंधनकारक नाही म्हणजे नक्की किती नाही?

नौपाडाकर

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, दोन टोकांच्या भानगडी एकत्र करतोय, सांभाळून घ्या.

आमची नौपाड्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला काढलीय. चार मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात बादल्या. मागच्या महिन्यात बिल्डर निवडायची सभा झाली. शासनाचा ४ जुलै २०१९ चा, सहकार कायद्याच्या कलम ७९अ वाला जीआर आहे, त्यात या सभेचं व्हिडिओ शूटिंग करायला सांगितलंय. कमिटीने केलं नाही. मी उभं राहून विचारलं तर आमचे खजिनदार काका (सरकारी खात्यातून रिटायर, वय ७६) शांतपणे म्हणाले, "तो जीआर डिरेक्टरी आहे, बंधनकारक नाही, हायकोर्टाने सांगितलंय." सगळे गप्प. मीही बसलो. तेवढ्यात समोसे आले.

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती एलएलएम करतेय, सध्या युरोपियन युनियनचा पेपर डोक्यावर आहे. ती हसायलाच लागली, म्हणाली बाबा माझा प्रबंधाचा विषय हाच आहे. त्यांच्या करारातलं कलम २८८ म्हणे सरळ सांगतं की रेग्युलेशन, डायरेक्टिव्ह आणि डिसिजन बंधनकारक, आणि रेकमेंडेशन आणि ओपिनियन यांना बंधनकारक बळ नाही. मी म्हटलं अगं मग करारात लिहायचंच कशाला, तोंडी सांगायचं की. तर ती म्हणे आपल्या घटनेत अख्खा भाग चार (राज्यकारभारासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) तसाच आहे, कोर्टात चालत नाही पण लिहिलाय.

तर प्रश्न असा, जो नियम कोर्टात चालत नाही त्याला नियम म्हणायचं का? आणि आमच्या काकांना काय उत्तर देऊ?

टवाळ_पाचपाखाडी

मानलं तर देव नाही तर धोंडा. धागा बंद करा.

जुनं_खोड

पॉपकॉर्न घेऊन बसतो. कायद्याचा धागा म्हणजे शंभरी नक्की.

वाशी_सेक्टर_सतरा

टवाळभाऊ, बँकेत ३१ वर्षं काढली म्हणून सांगतो, धोंड्याला लोक जास्त घाबरतात.

तुम्ही सगळे दर दोन वर्षांनी केवायसीला शिव्या घालत आमच्या काउंटरला यायचात ना, पुन्हा आधार द्या पुन्हा पॅन द्या पुन्हा सही जुळत नाही. त्याचं मूळ कुठे आहे माहितीये? पॅरिसला एफएटीएफ म्हणून एक गट आहे, जी-७ देशांनी १९८९ मध्ये काढलेला, काळ्या पैशाविरुद्ध. त्यांच्या ४० शिफारशी आहेत. शिफारशी! नावातच आहे. आंतरराष्ट्रीय करार नाही, कुठल्या संसदेने मंजूर केलेला नाही. पण एखाद्या देशाने पाळल्या नाहीत तर त्याला ग्रे लिस्टमध्ये टाकतात, मग त्या देशातून आलेला प्रत्येक पैसा बाहेरच्या बँका भिंगातून बघतात, कर्ज महाग होतं, व्यवहार अडकतात. पाकिस्तान २०१८ ते ऑक्टोबर २०२२ त्या यादीत होता, बाहेर पडायला त्यांना आपले कायदे बदलावे लागले. एक शिपाई पाठवला नाही कुणी. आपण २०१० मध्ये त्या गटाचे सदस्य झालो आणि आपला मनी लाँडरिंगचा कायदा, रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम हे सगळं त्या शिफारशींशी जुळवत आणलेलं आहे. तुमच्यापर्यंत येईस्तोवर ते बंधनकारक झालेलं असतं, वरती मात्र ती शिफारसच.

बासेलचंही तेच. बँकेने भांडवल किती ठेवायचं हे सांगणाऱ्या त्या समितीला कायदा करायचा अधिकारच नाही. तरी आमच्या सर्क्युलरमध्ये १ एप्रिल २०१३ पासून बासेल तीन लागू.

टवाळ_पाचपाखाडी

म्हणजे माझी सही जुळत नाही हा पॅरिसचा कट आहे तर. बायकोला सांगतो.

वाशी_सेक्टर_सतरा

सही जुळत नाही ते तुमचं अक्षर. पॅरिसला दोष नको.

मास्तर_कळवा

मूळ प्रश्नात एक व्याकरणाची गंमत लपलीय, ती कुणी बघितली नाही. आज्ञार्थ आणि विध्यर्थ. "करा" आणि "करावे". शाळेत शिकवताना मी सांगायचो की विध्यर्थात कर्तव्य, शक्यता, इच्छा असं सगळं येतं. आता देवळाबाहेर "चपला येथे काढाव्यात" लिहिलेलं असतं, काढा असं नाही लिहीत, पण घालून जाऊन दाखवा. आणि सरकारी परिपत्रकात "त्वरित कार्यवाही करण्यात यावी" आलं की तो हुकूम असतो, ती इच्छा नसते. मराठीत "करावे" हे कोण म्हणतंय त्यावर त्याचं वजन.

इंग्रजीत मात्र या एका शब्दावर जगाचं गाडं अडलं होतं. २०१५ ला पॅरिसचा हवामान करार होत असताना शेवटच्या दिवशी मसुद्यात श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करायच्या कलमात "शॅल" पडलं होतं, आधी "शुड" होतं. अमेरिका अडून बसली, कारण शॅल म्हणजे बंधन आणि बंधन म्हणजे त्यांच्या सिनेटकडे जावं लागणार. शेवटी टंकलेखनातली चूक म्हणून ते पुन्हा शुड करून घेतलं आणि मग हातोडी पडली. कलम ४ मधला चौथा परिच्छेद, बघा उघडून.

ऐरोली_स्लो

मास्तर __/\__

ही शॅल-शुड ची गोष्ट माहीत नव्हती. वाखू साठवली.

माझा अनुभव सांगते. २००८ च्या आसपास एका कंपनीत होते (नाव नको), तिथे टीम लीडच्या वागण्याबद्दल मी तक्रार केली तर एचआरच्या बाई म्हणाल्या की कायदाच नाही ना अजून, फक्त गाइडलाइन्स आहेत, आपण आपापसात बघू. विशाखा गाइडलाइन्स, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या. नोटीस बोर्डावर चिकटवलेल्या, कोपऱ्यातली टाचणी पडलेली. मी तेव्हा नवीन, गप्प बसले. २०१३ ला पॉश कायदा आला तेव्हा मला वाटलं आता खरं काहीतरी आलं. तर माझं मत सरळ आहे, मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे वेळकाढूपणा, गरज असेल तर कायदा करा. सोळा वर्षं लागली.

कोर्टनाका

ऐरोली ताई, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच, पण त्या एचआर बाई चक्क चुकीचं बोलल्या. विशाखा गाइडलाइन्स ऐच्छिक नव्हत्या. सुप्रीम कोर्टाने १९९७ च्या निकालात स्पष्ट म्हटलं होतं की कायदा होईपर्यंत हेच कलम १४१ खाली कायदा समजा. गाइडलाइन हे नाव बघून सगळ्यांनी ते सल्ला म्हणून घेतलं. नावाने फसवलं.

आता खरी गंमत. त्या निकालात सॉफ्ट लॉ (म्हणजे बंधनकारक नाही पण वजन आहे असा नियम) होता, पण दुसरीकडे. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा तो करार, सीडॉ, आपण १९९३ मध्ये मान्य केला होता पण त्यावर देशात कायदा केलेला नव्हता. आणि त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीची १९९२ ची १९ क्रमांकाची जनरल रेकमेंडेशन, जी कुणालाच बंधनकारक नव्हती, ती कोर्टाने उचलली, लैंगिक छळ म्हणजे काय याची व्याख्या करायला तिचा आधार घेतला, आणि त्यातून भारतातल्या प्रत्येक ऑफिसला लागू होणारा नियम तयार झाला. एक शिफारस जिनिव्हा न्यूयॉर्क करत दिल्लीला आली आणि कायदा होऊन बाहेर पडली. हे राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेतून झालं, हे पण विसरू नका. कुणीतरी ती शिफारस हातात धरून कोर्टाच्या दारात उभं राहिलं म्हणून.

नौपाडाकर, तुमच्या काकांकडे नंतर येतो, आत्ता सुनावणी आहे.

ऐरोली_स्लो

अरे देवा. म्हणजे मी तेव्हा भांडू शकले असते. पंधराएक वर्षांनी कळतंय हे.

शेवाकर

मी न्हावा शेव्याला कस्टम्सचं काम बघतो, सीएचए म्हणतात आम्हाला. आमच्याकडे पण असाच एक मोठा राडा झालेला, ऐका. माल सीआयएफ ने येतो म्हणजे भाडं, विमा सगळं धरून परदेशातला विकणारा किंमत लावतो, जहाजाचं भाडं तोच भरतो. त्या पूर्ण किमतीवर इथे आयातीला आयजीएसटी लागतोच. पण २०१७ च्या नोटिफिकेशनने सांगितलं की त्या समुद्री भाड्यावर आयातदाराने परत वेगळा ५ टक्के भरायचा, रिव्हर्स चार्जमध्ये (म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी दुसऱ्याने कर भरायचा). म्हणजे एकाच भाड्यावर दोनदा. आमचे पार्टी लोक डोकं धरून बसलेले. शेवटी गुजरात हायकोर्टाने ते उडवलं आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने, मोहित मिनरल्स म्हणतात त्या केसला, तेच कायम ठेवलं.

आता यात या धाग्याचा विषय कुठे? सरकारचं म्हणणं होतं जीएसटी कौन्सिलने (केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांचं मंडळ) शिफारस केली म्हणजे ती बंधनकारक. कोर्ट म्हणालं नाही, घटनेच्या २७९अ मध्ये शब्द शिफारस असा आहे, कलम २४६अ ने कर लावायचा अधिकार केंद्राला आणि राज्यांना दोघांनाही दिलाय, त्यामुळे कौन्सिलची शिफारस संसद आणि विधानसभांवर लादता येणार नाही, तिला वजन आहे, पटवून देण्यापुरतं. त्या दिवशी टीव्हीवर ओरडा चाललेला की आता प्रत्येक राज्य आपला आपला जीएसटी लावणार, जीएसटी संपला. काय झालं? काही नाही झालं. आजपण कौन्सिल म्हणतं तेच सगळीकडे. कारण कुठलं राज्य एकटं वेगळा रेट लावून आपलेच व्यापारी शेजारी पळवून लावेल? बंधन नाही पण सोडवत पण नाही.

जुनं_खोड

शेवाकर, झकास. लग्नासारखं आहे हे.

टवाळ_पाचपाखाडी

लग्न बंधनकारक असतं काका. शिफारस सासूबाईंची असते. (ह. घ्या.)

मास्तर_कळवा

सासूबाईंची सूचना विध्यर्थात असते. "भाजीत मीठ थोडं कमी घालावं."

खाडीकाठची

विषय हाताशी आहे म्हणून लिहिते, आपली ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. फ्लेमिंगो अभयारण्य तर २०१५ लाच झालेलं. लोकांना वाटतं रामसर म्हणजे आता कुणी वीट लावली तर आंतरराष्ट्रीय पोलीस येणार. तसं काही नाही. रामसर हा १९७१ चा खरोखरचा करार आहे, बंधनकारक, सह्या झालेला. पण आत काय आहे? पाणथळ जागांचा शहाणपणाने वापर व्हावा. शहाणपण कुणाचं, मोजायचं कशाने, ते नाही.

म्हणजे बघा, बासेलवाल्यांना अधिकार नाही पण आकडे पक्के, आणि रामसरला अधिकार आहे पण शब्द पातळ. मला तरी यातलं दुसरं जास्त घातक वाटतं, कारण फलक लागतो, फोटो निघतो आणि सगळे निवांत होतात. नेरुळ सीवूड्सच्या बाजूला तळ्यांसाठी जे लोक वर्षानुवर्षं पत्रं लिहितायत त्यांना विचारा. पण हेही खरं, की त्यांच्या पत्रात पहिल्या ओळीत रामसर शब्द असतो. त्याने फाइल निदान उघडली जाते.

नवीनच_आलोय

नमस्कार, मी यूपीएससीची तयारी करतो. भाग चारबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. घटनेत कलम ३७ म्हणतं की ही तत्त्वं कोणत्याही न्यायालयाकरवी अंमलात आणता येणार नाहीत, तरीही देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेतून ही कल्पना घेतली. घटना समितीत यावर जोरात टीका झाली होती, के. टी. शहा म्हणाले होते की हा बँकेला जमेल तेव्हा वटणारा चेक आहे. टी. टी. कृष्णमाचारींनी तर भावनांची कचराकुंडी म्हटलं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात उत्तर दिलं की हे मोडलं तर कोर्टात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे द्यावा लागेल. १९५१ च्या चंपकम निकालात कोर्टाने तत्त्वांना मूलभूत हक्कांपुढे दुय्यम ठरवलं आणि १९८० च्या मिनर्व्हा मिल्समध्ये दोन्हींचा समतोल हाच घटनेचा पाया आहे असं म्हटलं.

जुनं_खोड

शाब्बास. नोट्स छान आहेत, आता तुझं मत सांग.

नवीनच_आलोय

मत… परीक्षेत विचारत नाहीत :)

पण विचारलंत म्हणून, मला वाटतं चेक वटतो, पण तारीख आपण टाकायची. कलम ४५ मधलं मुलांचं शिक्षण दहा वर्षांत व्हायचं होतं. १९९३ ला उन्नीकृष्णन निकाल, २००२ ला ८६ वी घटनादुरुस्ती, शेवटी शिक्षण हक्काचा कायदा (आरटीई) लागू झाला १ एप्रिल २०१० ला. साठ वर्षं. माझी आजी या साठ वर्षांतच शाळेशिवाय मोठी झाली.

मास्तर_कळवा

हे लिहिलंस ते उत्तरपत्रिकेतही लिही. आणि एक महाराष्ट्राचं उदाहरण जोड, ते कुणी लिहीत नाही. कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आहे, तोही भाग चारमध्येच, म्हणजे कोर्टात न चालणारा. १९७२ च्या दुष्काळात रोहयोची कामं निघाली, वि. स. पागे त्यामागे हात धुवून लागले, आणि आपल्या राज्याने १९७७ ला रोजगार हमीचा कायदाच केला. देशाला तसा कायदा करायला २००५ उजाडलं. माझे वडील त्या दुष्काळात खडी फोडायला जात. त्यांना भाग चार माहीत नव्हता, हजेरीपट माहीत होता.

अवांतर: घटनेच्या अधिकृत मराठी प्रतीत "निदेशक तत्त्वे" आहे, आपण सगळे "मार्गदर्शक" म्हणतो. निदेशकमध्ये जरा दटावणी आहे, मार्गदर्शक म्हणजे गाइड विकत घेतल्यासारखं वाटतं.

टवाळ_पाचपाखाडी

कलम ४७ मध्ये दारूबंदी पण आहे बरं का निदेशक तत्त्वांत. कोर्टात चालत नाही म्हणून अर्धं ठाणे संध्याकाळी सुखात आहे. चंद्रपूरवाल्यांनी २०१५ ला करून बघितली, २०२१ ला उठवली.

वाशी_सेक्टर_सतरा

यावरून एक विचारतो. तत्त्वं पंधरावीस आहेत, त्यातलं कुठलं उचलायचं हे ज्याच्या हातात सत्ता तो ठरवतो. कुणाला गाय दिसते, कुणाला समान नागरी कायदा, कुणाला समान वेतन. हा धोका नाही का?

कोर्टनाका

आलो. वाशीकरांचा मुद्दा बरोबर आहे आणि युरोपातही नेमकी तीच तक्रार आहे, फक्त तिथे सत्ता म्हणजे ब्रसेल्सचं कमिशन, युरोपियन युनियनचा कारभार बघणारं. दोन केसेस सांगतो, नौपाडाकरांच्या लेकीला माहीत असतीलच.

पहिली १९८९ ची, ग्रिमाल्दी. इटलीहून बेल्जियमला कामाला गेलेला माणूस, हाताची बोटं आखडून तळव्याकडे वळायचा आजार झाला, भरपाई मागितली. बेल्जियमचा फंड म्हणाला आमच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हा नाही. पण कमिशनच्या जुन्या शिफारशी होत्या की आजारांची युरोपियन यादी लक्षात घ्या. युरोपियन कोर्ट म्हणालं, शिफारशीवर बोट ठेवून तुला हक्क मागता येणार नाही, परंतु देशातल्या न्यायालयांनी निकाल देताना ती विचारात घेतलीच पाहिजे. म्हणजे पाळायचं बंधन नाही, वाचायचं बंधन आहे. मला हे फार आवडतं. आमच्याकडे निम्मे वाद कुणी वाचत नाही म्हणून होतात.

दुसरी २०१८ ची. कमिशनने ऑनलाइन जुगारावर शिफारस काढली, ग्राहकांना असं असं संरक्षण द्या. बेल्जियम कोर्टात गेलं, म्हणालं ही शिफारसीच्या वेषातली सक्ती आहे, रद्द करा. कोर्ट म्हणालं बंधनकारक नाही ना, मग आव्हान कशाला देताय, चला घरी. त्या कोर्टाच्याच महाधिवक्त्याने (निकालाआधी कोर्टाला स्वतंत्र मत देणारा अधिकारी) याच्या उलट मत दिलेलं. आता दोन्ही केसेस शेजारी ठेवा: न्यायालयांनी ती विचारात घ्यायची, पण तुम्ही तिच्याविरुद्ध थेट दाद मागायची नाही. सॉफ्ट लॉ चा खरा दोष इथे आहे. कायदा कडक असेल तर निदान तो पाडायला जाता येतं.

शेवाकर

बरोबर. आमच्याकडे पण "ॲडव्हायजरी" आली की तीच अडचण, मानली तर खर्च, नाही मानली तर कंटेनर उघडून बघतात, आणि भांडायला गेलं तर म्हणे सक्ती कुठे केली?

नौपाडाकर

मंडळी, एवढं वाचून मी थक्क. मुलीने अख्खा धागा प्रिंट काढलाय. ती म्हणते ब्रिटनचंही लिहा, तिथे २०१७ च्या मिलर केसमध्ये कोर्टाने म्हटलं की न्यायाधीश हे राजकीय संकेतांचे (म्हणजे कायद्यात नसलेल्या रुळलेल्या प्रथांचे) आईबापही नाहीत आणि राखणदारही नाहीत, फक्त बघणारे आहेत. स्कॉटलंडच्या अखत्यारीतल्या विषयावर लंडनने कायदा करताना तिथल्या संसदेची संमती घ्यायचा संकेत तर कायद्यात लिहून ठेवला होता, पण "नॉर्मली" शब्द घालून, त्यामुळे तो लिहूनही संकेतच राहिला. आणि आपल्याकडे १९९३ ला न्यायमूर्तींच्या नेमणुकीच्या केसमध्ये नेमकं उलट, संकेत रुळला की तो घटनेचाच कायदा असं म्हटलं गेलं.

पण वकीलसाहेब, माझे खजिनदार काका राहिले की हो.

कोर्टनाका

हो हो. काकांनी दोन वेगळे शब्द एकात घातले. "डिरेक्टरी" आणि "नॉन-बाइंडिंग" या दोन गोष्टी आहेत. ७९अ चा जीआर हा सल्ला नाहीच, सहकार कायद्याच्या कलमाने सरकारला दिलेल्या अधिकारातून निघालेले निर्देश आहेत. हायकोर्टाने ते डिरेक्टरी म्हटलेत म्हणजे एवढंच, की बारीकसारीक गोष्ट राहिली म्हणून सगळी प्रक्रिया आपोआप रद्द होत नाही, आणि एकदोन नाराज सभासदांनी ते पुढे करून बाकीच्यांची इमारत अडवू नये. पाळूच नका असं कुठे म्हटलंय? कोर्ट बघतं की गाभा पाळला का, सभासदांना माहिती होती का, बहुमत खरं होतं का, लपवाछपवी झाली का. शूटिंग कशासाठी असतं? उद्या कुणी म्हणालं मी हात वरच केला नव्हता तर पुरावा म्हणून. ते न करून कमिटीने स्वतःचंच ढाल-तलवार घरी ठेवलंय.

तुम्ही स्टे आणायला धावू नका, इमारत तुमचीच पडायला आलीय. सगळ्यांना पटेल असं पत्र द्या, पुढच्या सभेत ठराव पुन्हा घ्या आणि शूटिंग करा. खर्च समोशांपेक्षा कमी.

ऐरोली_स्लो

आणि ते गप्प बसू नका. अनुभवाचे बोल.

खाडीकाठची

पत्रात पहिल्या ओळीत जीआरची तारीख घाला. फाइल उघडते.

नौपाडाकर

अपडेट. पत्र दिलं, सतरा सह्या. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मग म्हणाले "डिरेक्टरीचा अर्थ मला माहितीय, पण सभेत लांबण लागली असती." आज नोटीस लागली, फेरसभा पुढच्या रविवारी. मास्तर, तुमच्यासाठी मुद्दाम टाइप करतो: "सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे. सभेचे चित्रीकरण करण्यात येईल."

मास्तर_कळवा

राहावे आणि येईल. सभासदांना विध्यर्थ, कमिटीला भविष्यकाळ. मसुदा लिहिणाऱ्याला दहापैकी नऊ.

टवाळ_पाचपाखाडी

एक मार्क कशाचा कापला?

मास्तर_कळवा

समोशांचा उल्लेख नाही.